दुपारच्या आकड्याने नदी कळत नाही

किनारी समुद्राची प्रकृती जोखणारे निर्देशक किनाऱ्यावरच्यांनी निवडावेत, नांदेड-लातूरने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. नदीपुरते पाहायचे तर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा एक आकडा पुरे, असे मत हल्ली ठासून मांडले जाते. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू, की नदी ठणठणीत! स्वस्त आणि सोपे म्हणून हे चटकन पटते. तरीही ते चूक आहे.

पहिला भाग तर नकाशासमोरच टिकत नाही. लातूरची मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीला पोचणारा गाळ मराठवाड्यातूनही जातो.

दुसरा भाग अधिक घातक आहे. बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळले, की त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजते. उन्हात हे शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तोच शोषून घेते. दुपारी घाटावर बाटली भरून त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले, तर दाट तपकिरी साका बसतो आणि वहीत उत्तम आकडा चढतो. त्याच जागी पहाटे भरलेल्या बाटलीत साका फिकट, कधी पांढराच. मासे मरतात ते या पहाटेच्या वेळी. म्हणजे पाणी जितके बिघडेल, तितका दुपारचा आकडा चढू शकतो. दुखणे वाढले की सुधारणा दाखवणारे माप निर्देशक म्हणवून घ्यायला नालायक आहे. शिवाय बाटली भरली जाते पृष्ठभागावर. तळाच्या चिखलात प्राणवायू संपलेला असला तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

‘मासे मिळतात ना?’ हा आधारही लंगडा. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते. जलपर्णी काढली म्हणजे नदी स्वच्छ, हा जुना वादही असाच होता. पाने ट्रॉलीत गेली, सांडपाण्याची नाली तशीच वाहत राहिली.

निवड करायची ती अशी. प्राणवायू पहाटे आणि दुपारी मोजावा, दोहोंतला फरक नोंदवावा. तळाचा चिखल चाळावा: नुसत्या लाल अळ्याच सापडल्या तर प्राणवायूची टंचाई, मेफ्लायची पिल्ले असतील तर बरी स्थिती. समुद्रासाठी गाळ, नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका मोजावी. डायटम या सूक्ष्म वनस्पतींची कवचे सिलिकेची असतात. धरणांत ती अडली की खाली त्यांची उपासमार होते. या मोजण्या गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याला आणि संगमाआधीच्या मांजरेवर, प्रवाहाच्या नोंदीसह व्हाव्यात. बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. वर्षातले बहुतेक पाणी आणि गाळ याच काळात पुढे जातो, म्हणून नमुनेही तेव्हाच सर्वाधिक घ्यायला हवेत.