कुलूप कोणासाठी, किल्ली कोणाकडे?

जयपूरच्या सांगानेर भागात राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेल्या प्रताप नगरातून एखादा कामगार मोबाइलवरून गावी पैसे धाडतो, तेव्हा वाटेत टपलेल्या चोराच्या हाती निरर्थक अक्षरांची रासच लागते. त्याचे यंत्र प्रथम बँकेच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासते, दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचा सारा मजकूर त्या किल्लीने कूटबद्ध होऊन जातो. किल्ली उघडपणे तारेवरून न धाडताच ती ठरवण्याची युक्ती डिफी व हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे मांडली.

या कुलपाचे आपल्या राज्यकर्त्यांना वावडे आहे. मात्र सर्वांच्याच कुलपाचे नव्हे! २००१ साली रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचे कूटलेखन सांगितले. त्याच दशकात इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात अट होती, की ४० बिटांहून मोठी किल्ली वापरायची तर सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि मजकूर उलगडण्याची किल्ली सरकारजमा करावी. ४० बिटांची किल्ली बर्कलेच्या एका विद्यार्थ्याने १९९७ सालीच साडेतीन तासांत फोडली होती. तिजोरीला पोलादी कुलूप, नागरिकाच्या पत्राला सुतळीची गाठ!

सप्टेंबर २०१५ मध्ये तर केंद्र सरकारच्या धोरण-मसुद्याने नागरिकांना आपल्या संदेशांची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवण्याचे फर्मान काढले. गदारोळ उठताच तो मसुदा मागे घ्यावा लागला. पण हेतू मागे घेतला गेला नाही: २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ कर्ता हुडकून देण्याची सक्ती आणली.

गुन्हेगार पकडण्यासाठी किल्ली केवळ सरकारपाशी राहील, असा यावर युक्तिवाद केला जातो. तो किती पोकळ आहे, हे जुलै २०१४ मध्येच दिसले. सरकारच्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली. अशा प्रमाणपत्राच्या बळावर कोणीही भामटा गूगलचे सोंग घेऊन लोकांचा पत्रव्यवहार वाचू शकला असता. प्रमाणपत्रे रद्द झाली. केंद्राची ती देण्याची व्यवस्थाच भेदली गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. ज्यांना स्वतःचा शिक्का सांभाळता आला नाही, ते कोट्यवधींच्या किल्ल्या मागत आहेत!

एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलाने सांगितले, की कूटलेखन मोडण्याची सक्ती झाल्यास कंपनी भारत सोडील. माणसांच्या सवयी जाहिरातदारांना विकण्याजोग्या करून नफा कमावणाऱ्या मेटाच्या मालकीची ही कंपनी! भारतीय नागरिकाच्या गुप्ततेची वकिली तिने करावी आणि विरुद्ध बाजूला त्याचेच सरकार उभे असावे, असे दृश्य त्या दिवशी देशाने पाहिले.