करंगळीही वर होत नाही तेव्हा...

"बाई, माझी पोरगी घरी तुमची नक्कल करते!" दिवाळीनंतरच्या पालकसभेत एका आईनं असं सांगितलं आणि मी उडालेच. कारण तिची लेक माझ्या दुसरीच्या वर्गात जूनपासून एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला 'हजर' नाही की पाढे नाहीत. शेजारणीशीसुद्धा बोलणं नाही. आणि घरी म्हणे ही उशांचा वर्ग मांडते, हातात फूटपट्टी घेते आणि ओरडते, "ए, मागच्या बाकावर काय चाललंय?" वाक्य माझं, सूरही माझाच!

मी मात्र तिच्या प्रगतिपुस्तकात लिहून मोकळी झाले होते, 'वर्गात बोलत नाही. प्रयत्न करावा.' प्रयत्न नक्की कुणी करावा, ते लिहिलं नव्हतं. 2010 साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा त्यातलं पहिलं साधन होतं दैनंदिन निरीक्षण आणि दुसरं तोंडी काम. आम्ही बहुतेकींनी पहिलं कागदावर उरकलं आणि मुलांना जोखलं ते दुसऱ्यावर.

पुढच्याच आठवड्यात ती बाकावर बसल्या जागी ओली झाली. वर्ग हसला. मी कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, सांगायचं नाही का?" तेही सगळ्यांसमोर. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

खरं तर आपल्या शाळांत यासाठी न बोलता सांगायची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. करंगळी! पण करंगळी वर केली की चाळीस माना वळतात. लाजऱ्या मुलाला नेमकं तेच नको असतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की तिनं सांगितलं होतं. चांगलं अर्धा तास सांगत होती. गुडघे आवळलेले, फ्रॉकचं टोक पिळणं चाललेलं, एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघणं. मी ते पाहिलंही होतं. मनात म्हटलं होतं, 'हिचं लक्ष नाही.'

दुसऱ्या दिवसापासून नियम केला. जायचं असेल त्यानं बाकाच्या कडेला पट्टी आडवी ठेवायची आणि सरळ निघायचं, विचारायचं नाही. नियम सगळ्या वर्गाला, म्हणजे ती एकटी उठून दिसायला नको. तिसऱ्या दिवशी तिची पट्टी आडवी झाली.

मग मी तिच्याकडे बघायला शिकले. कुणी उत्तर चुकलं की तिचे ओठ हलायचे. येणारं गणित असलं की बोट बाकावर आकडे गिरवायचं. मी जवळ जाऊन उभी राहिले की खांदे कानापर्यंत वर, आणि नजर अंगठ्याच्या नखावर. शेजारी खाली वाकून बसले की तेच खांदे हळूहळू उतरायचे. मधल्या सुट्टीत ती डबा शेजारणीच्या बाजूला दोन बोटं सरकवायची. 'माझ्याशी मैत्री करशील?' याहून स्पष्ट कसं विचारणार?

मैत्रिणींनो, आपण घरी तरी काय करतो? पाहुणे आले की पोराला पुढे ढकलायचं. "नाव सांग काकूंना. तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" मग आपणच हसून, "फार लाजाळू आहे हो!" पोर ते ऐकतं आणि मनाशी धरून बसतं. पुन्हा आपल्या सूचनाही दोन तोंडांच्या. मोठ्यांपुढे 'वर तोंड करून बोलू नकोस' आणि शाळेत 'वर बघून बोल'! त्यामुळे खाली गेलेली नजर म्हणजे भीतीच किंवा काहीतरी लपवणंच, असं आपल्याकडे तरी धरू नये. त्यातून मुलगी असेल तर गप्प राहिल्याबद्दल 'गुणी' म्हणून शाबासकी मिळते आणि तिची अडचण कुणाला दिसतच नाही. मुलगा असेल तर 'काय मुलीसारखा लाजतोस!'

अर्थात प्रत्येक गप्प मूल नुसतं लाजरंच असतं असं नाही. घरी पोपटासारखं बोलणारं मूल शाळेतला पहिला महिना सोडूनही महिनाभर किंवा जास्त मुळीच बोलत नसेल, तर ते 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' असू शकतं. 2013 सालच्या अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात त्याची गणना चिंतेच्या विकारांत केलेली आहे. म्हणजे तो हट्ट नव्हे, की माजही नव्हे. बोलावंसं वाटतं, पण शब्द फुटत नाही. अशा वेळी मारून-रागावून काही होत नाही, बालमानसतज्ज्ञाला दाखवावं. कानही तपासून घ्यावेत, कमी ऐकू येणारं मूलही गप्प असतं. आणि काल बडबडणारं मूल आज एकाएकी मिटलं, ठरावीक माणसाजवळ गेलं की आक्रसायला लागलं, तर 'लाजतंय' म्हणून सोडून देऊ नका हो.

आम्हा शिक्षकांना आणखी एक खोड आहे, ती म्हणजे घाई. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते! तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी मागे राहणारीही बोलू लागली. करून बघा. तीन सेकंद गप्प राहणं बाईमाणसाला किती अवघड जातं ते कळेल!

माझी ती विद्यार्थिनी पुढे धडाधड बोलायला लागली वगैरे काही झालं नाही. चौथीतून जाईपर्यंत माझ्याशी मोजून पाच-सहा वाक्यं बोलली असेल. त्यातलं पहिलं जिन्यात, मागून, अगदी हळू आवाजात...

"बाई, तुमच्या पदराला खडू लागलाय."