दैवाच्या माथीं किती दोष?

शेक्सपियरच्या 'रोमिओ आणि ज्यूलिएट' या नाटकाविषयीं घरांत बोलणें निघालें, कीं बहुधा दोन पक्ष पडतात. वडील माणसें म्हणतात, पोरांच्या उतावीळपणाचें हें फळ. तरुण मंडळी म्हणतात, दुर्दैवानें दोन निष्पाप जिवांचा बळी घेतला. दोन्ही पक्षांना नाटकांत आधार सांपडतो. तथापि एक तिसरें कारण या वादांत नजरेआड होतें, असें आम्हांस वाटतें.

उतावीळपणा तर उघडच आहे. रविवारीं रात्रीं मेजवानींत भेट, सोमवारीं गुप्त विवाह, आणि आठवडा संपण्यापूर्वीं दोघांचा अंत! आर्थर ब्रुकच्या ज्या १५६२ सालच्या काव्यावरून हें कथानक घेतलें, त्यांत याच घटनांना कित्येक महिने लागतात, आणि नायिका १६ वर्षांची आहे. शेक्सपियरनें महिन्यांचे दिवस केले आणि नायिकेस चौदावें वर्षही पुरें होऊं दिलें नाहीं. ही घाई कवीनें बुद्ध्याच घातली आहे.

दैवही आरंभापासून उभें आहेच. ग्रह प्रतिकूल असल्याचें प्रास्ताविकांतच सांगितलें आहे. पुढें रोमिओला पाठविलेलें पत्र मँटुआस पोंचत नाहीं. कारण तें नेणारा साधु जॉन सांथीच्या संशयावरून एका घरांत कोंडला जातो. याला दैव न म्हणावें तर काय म्हणावें?

परंतु त्या पत्राला वेळ किती मिळाला, हें कोणी पाहत नाहीं. ज्यूलिएटचा बाप कॅप्युलेट प्रथम मोठा समंजस दिसतो. मुलगी लहान आहे, दोन वर्षें थांबा, आणि तिची संमति मिळवा, असें तो पॅरिसला सांगतो. तोच गृहस्थ सोमवारीं रात्रीं, तिला न विचारतां, गुरुवारचें लग्न ठरवितो. मंगळवारीं ती नकार देते, तेव्हां बाप घराबाहेर काढण्याची धमकी देतो, आई पाठ फिरविते, आणि जिनें दूध पाजलें ती दाईही पॅरिसलाच वर म्हणून सुचविते. एका सकाळींत तिन्ही दारें बंद होतात. मग ती लॉरेन्स साधूकडे जाऊन ४२ तास मृतवत् निजविणारें औषध घेऊन येते आणि बापापुढें नमतें घेते. त्या आनंदाच्या भरांत बाप लग्न बुधवारवर आणतो. गुरुवारपर्यंत थांबावें, हें बायकोचें म्हणणेंही तो ऐकत नाहीं. औषध एक रात्र अगोदर घ्यावें लागतें. तो एक दिवस हातीं राहता, तर जॉन परत येतांच दुसरा निरोप धाडण्यास कदाचित् अवधि मिळाला असता.

रोमिओचा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. धीर धरा, असें चाकर विनवितो; तरी तो एक रात्र थांबत नाहीं, विष घेऊन निघतो. पण तरुणांच्या घाईस तारुण्य हें कारण तरी आहे. पिकल्या केसांच्या घाईस कोणतें?

कॅप्युलेटचें घर माणसांनीं भरलेलें होतें. भरल्या घरांत मन उघडें करावयास जागा असतेच, असें मात्र नाहीं. 'कां नको?' असें बापानें विचारलें असतें, तर ज्यूलिएटनें खरें सांगितलें असतें कीं नाहीं, कोण सांगेल? पण तें त्यानें विचारलेंच नाहीं.

शेवटीं मुलांच्या प्रेतांपाशीं दोघे बाप एकमेकांचा हात धरतात, आणि जुनें वैर घटकाभरांत मिटतें. जें इतक्या सहज मिटूं शकत होतें, त्यास दैव कसें म्हणावें? ग्रह कोणाच्या हातीं नसतात. मुलीचें ऐकून घेणें वडिलांच्या हातीं असतें.