हिमालयाचे मुद्दल

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी लेणे आणि पाण्याच्या पोढी खोदविल्या, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. त्याच लेखातील आर्थिक व्यवस्थेकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले आणि त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे मिळावयाची होती. वर्षाचे व्याज २४० आणि खर्चही २४०. मुद्दलाला हात लावावयाचा नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, ही अट दगडात कोरून ठेवली गेली.

हिमालयातील हिमनद्या म्हणजे निसर्गाने ठेवलेली अशीच ठेव आहे. हिवाळ्यात पडणारे हिम वर्षानुवर्षे दाबले जाऊन त्याचा बर्फ होतो आणि उन्हाळ्यात त्याचा काही अंश वितळून नद्यांना मिळतो. जितके साठते तितकेच वितळले, तर मुद्दल शाबूत राहते. तापमान वाढले की हा मेळ मोडतो. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राच्या २०२३ सालच्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालय प्रदेशातील हिमनद्यांचा ऱ्हास २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाला. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानेही २०१६ साली स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र उभारले, ते हाच हिशेब मांडण्यासाठी.

या ऱ्हासातील सर्वांत फसवी गोष्ट अशी की, मुद्दल खाल्ले जात असताना हातात पैसा अधिक खेळतो. हिमनदी झपाट्याने वितळू लागली की काही दशके नदी भरलेली दिसते. ओहोटी पुढे लागते. वितळलेले पाणी हिमनदीच्या तोंडाशी दगडमातीच्या कच्च्या बांधामागे साठून सरोवरे वाढतात, ती वेगळीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचे दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले आणि तिस्तेवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले.

लडाखात हा प्रश्न थेट शेताच्या बांधावर येऊन ठेपला आहे. लेह येथे वर्षाला सरासरी जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस-हिम पडते. जवाच्या पेरणीला पाणी हवे असते एप्रिल-मे महिन्यांत, आणि उंचावरील बर्फ वितळतो जूननंतर. चेवांग नोर्फेल या निवृत्त अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्यांचे पाणी गावाजवळ अडवून गोठविण्याची युक्ती काढली. पुढे सोनम वांगचुक यांनी उतारावरून नळाने आणलेले पाणी थंडीत कारंज्यासारखे उडवून बर्फाचे उंच शंकू उभारले. आकारावरून लोक त्यांना हिमस्तूप म्हणू लागले. मात्र हिमस्तूप नवे पाणी निर्माण करीत नाही; हिवाळ्याचे पाणी वसंतापर्यंत जपून ठेवतो, इतकेच. वरचा झराच आटला तर गोठवायचे काय? झांस्करमधील कुमिक गावच्या लोकांवर पाण्याअभावी खाली नवी वस्ती वसविण्याची वेळ आली. ज्या शेतकऱ्याने जगाच्या धुरात नगण्य भर घातली, त्यालाच प्रथम गाव सोडावे लागावे, हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

यावर आपल्याकडे एक उत्तर हमखास मिळते: गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, ती पावसावर वाहते, हिमनद्यांशी नाशिकचा काय संबंध? संबंध दुहेरी आहे. पहिला धुराचा. एकलहरे येथे जळणाऱ्या कोळशाचा कर्बवायू नाशिकच्या आकाशात थांबत नाही. तो साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. आपल्या पायाखालीही एक मुद्दल आहे, ते म्हणजे भूजल. आपल्या काळ्या कातळात पाणी मुळातच थोडे मुरते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि त्याच गावांतील आयाबहिणी मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरून हंडा भरतात. खाली सपाटीवर बागायतीसाठी विंधनविहिरी दरवर्षी अधिक खोल जातात. खोल गेलेल्या विहिरीला पाणी लागले की आपण आनंदतो. पण ते व्याज नसते, आजोबांची ठेव असते. भरलेली हिमनदीची नदी आणि खोल विहिरीचे पाणी, दोन्ही सारखेच फसवे आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, पर्यावरणदिनी एक रोप लावून छायाचित्र काढण्याने आपले कर्तव्य संपत नाही. आधी हिशेब हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी विंधनविहिरी बंद केल्या आणि उसासारखी तहानलेली पिके टाळली. असलेल्या पाण्यातच पिके बसवायची, हा निर्णय त्या गावाने एकत्र बसून घेतला. तो कोणत्याही गावाला घेता येईल.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज शेतात, कारखान्यांत, शासकीय कार्यालयांत आणि ग्रामपंचायतींत आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या एका विहिरीची पातळी पावसाळा संपताच आणि उन्हाळ्याच्या अखेरीस मोजावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. शाळेतील मुलांनी अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहावा. वसतिगृहाच्या छपरावरचे पाणी जमिनीत मुरवावे. याने लडाखचा बर्फ थांबणार नाही, हे खरे. परंतु ज्या समाजाला स्वतःच्या विहिरीचा हिशेब ठाऊक नाही, त्याने कोळसा जाळणाऱ्या जगाकडे हिमालयाचा हिशेब कोणत्या तोंडाने मागावा? आणि तो हिशेब मागायचा तर आहेच. कारण आज शाळेत असलेली मुले मोठी होतील, तेव्हा शिल्लक किती राहिली हे तीच आपल्याला विचारणार आहेत.