बाबांची गिटार

बाबांची गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलची कांडी सरकवत वाजवायची. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेसारख्या तिला तरफेच्या ताराही आहेत. यंदा मंडळाच्या गणपतीत बाबा वाजवणार, तेव्हा पिकअप निवडायचं काम घरच्या इंजिनिअरकडे. अट एकच : "लाकडाला भोक पाडशील तर बघ!"

चुंबकीय पिकअप पोलादी तारा पकडतो, पण लाकडाचा घुमारा त्याला कळत नाही. घोडीखाली पिएझो पट्टी बसवायची तर घोडीला खाच पाडणं आलं. म्हणून वरच्या फळीला चिकटवायचा पिएझो घेतला.

पहिल्या चाचणीत आवाज पत्र्याच्या डब्यासारखा! बाबा काही न बोलता गिटार पुसू लागले. (ओरडले असते तर परवडलं असतं.) चूक माझीच. पिएझोला निदान १ मेगाओमचं इनपुट लागतं. मी तो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला. तिथे १०-२० किलोओम, खर्ज गळूनच जातो. मध्ये प्रीअँप टाकला, पिकअप बोटभर घोडीकडे सरकवला. तरफा बोलल्या. बाबांनी मान न वर करता पुन्हा आलाप सुरू केला.

आता मांडववाल्याला एवढंच सांगायचंय, की स्पीकर बाबांच्या पाठीमागे लावू नका. फळी थरथरली की पिएझो शिट्टी मारतो.