म्हाताऱ्यांची भांडणे?

वृद्धाश्रमात एका आजींच्या दंडावर वळ उठतात. शेजारच्या खाटेवरचीने मारले, असे त्या सांगतात. व्यवस्थापक हसून म्हणतात, "अहो, म्हातारपण म्हणजे दुसरे बाळपण!" माझा आक्षेप या हसण्यावर आहे.

न्यूयॉर्क राज्यातील १० शुश्रूषागृहांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत दर पाचांमागे एक रहिवासी अशा प्रकारांत सापडला होता. आपला २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतो. दोन रहिवाशांमधल्या छळाविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही.

मी शाळामास्तर. वर्गात पोरे झोंबली, तर दोघांना वेगवेगळे विचारतो, पाहणाऱ्यांनाही विचारतो. मग ऐंशी वर्षांच्या माणसाला एवढाही न्याय नको? त्याच दिवशी जबानी तिच्याच शब्दांत लिहून घ्या. वळ डॉक्टरांना दाखवा. रात्रपाळीच्या बाईला विचारा. विस्मरण झालेल्याचा प्रत्येक शब्द खोटा नसतो.

आणि मारणारीला गुन्हेगार ठरवून मोकळे होऊ नका. बुद्धिभ्रंश, न सांगता येणारे दुखणे, खोलीतली दाटी यांतूनही हात उगारला जातो. कारण शोधणे हाही चौकशीचाच भाग. मात्र कारण सापडले, म्हणून वळ पुसला जात नाही!

वाचकहो, फराळाचा डबा घेऊन आश्रमात जाल, तेव्हा तक्रारवही मागून पाहा. ती कोरी निघाली, तर लगेच समाधान मानू नका. तक्रार लिहून घेते कोण, तेवढे विचारा.