छडीचे वकील

वर्गात एखादे मूल संतापाने अथवा भयाने बेभान झाले असता शिक्षकाने प्रथम त्यास शांत करावे की प्रथम शिस्तीचा बडगा उगारावा, याविषयी आमच्या शिक्षकवर्गात अद्याप दोन तट आहेत; आणि दुसऱ्या तटातील मंडळी, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केल्यावरही, छडी कपाटात ठेवून तिची वकिली मात्र पूर्वीच्याच आवेशाने करीत असतात.

त्यांचा मुख्य आक्षेप असा की, आदळआपट करणाऱ्या मुलास गोंजारले म्हणजे इतरही तोच कित्ता गिरवतात आणि वर्गावरचा अंमल सुटतो. आक्षेप वरपांगी सयुक्तिक दिसतो खरा. परंतु त्यात क्षोभ शमविणे आणि अपराध माफ करणे या दोन गोष्टींची बेमालूम गल्लत झाली आहे. क्षोभाच्या भरात मुलाची छाती धडधडत असते, श्वास आखूड झालेला असतो, मुठी आवळलेल्या असतात. अशा अवस्थेत केलेला उपदेश कानावरून जातो, आणि वदवून घेतलेली माफी धाकाखाली घेतलेल्या जबानीइतकीच कवडीमोल ठरते. चौकशी रद्द करा असे कोण म्हणतो? ती मधल्या सुट्टीपर्यंत तहकूब करा, एवढीच आमची मागणी आहे.

समजा, पाचवीच्या वर्गात शेजाऱ्याने कंपासपेटीचे झाकण वाकवले म्हणून एका मुलाने ती पेटीच त्याच्या अंगावर भिरकावली आणि हमसून रडू लागला. जाणता शिक्षक फळ्यापाशी उभा राहून गरजत नाही. शेजाऱ्यास कोठे लागले नाही ना, हे पाहून तो त्यास दुसऱ्या बाकावर बसवतो, बाकीच्यांस एक गणित घालतो, म्हणजे सगळ्या वर्गाची नजर त्या मुलावरून हटते, मग त्याच्या बाकाशी उकिडवा बसून हलक्या आवाजात म्हणतो, “तुझं सगळं ऐकणार आहे मी. आधी पाणी पिऊन ये.” ‘माझ्याकडे बघ’ असा हुकूम तो सोडीत नाही, कारण भरल्या डोळ्यांनी कोणाकडे पाहणे मोठ्यांसही जड जाते. मूल परतले की श्वास सावकाश सोडावयास सांगतो, कारण दीर्घ निःश्वासाने हृदयाची गती खरोखरच मंदावते. आणि वह्या गोळा करण्याचे काम त्याच्या हाती देतो. सुट्टीत दोघांच्या कैफियती होतात: झाकण ज्याने वाकवले त्याने ते सरळ करून द्यावे, आणि पेटी ज्याने फेकली त्यानेही आपल्या वाट्याचे बोल ऐकून घ्यावेत. यात लाड कोठे आला, हे छडीच्या वकिलांनी दाखवून द्यावे.

अर्थात, ‘तुला काय वाटते ते सर्वांना सांग’ म्हणून रडत्या मुलास वर्गासमोर उभे करणाऱ्या नवमतवाद्यांचीही आम्ही तरफदारी करणार नाही. ओणवे उभे करण्याच्या जुन्या शिरस्त्यात जी विटंबना होती, तीच येथे गोड शब्दांत होते.

हे सारे परदेशी खूळ आहे, असाही एक शेरा ऐकू येतो. माँटेसरीबाईंची पद्धती परदेशी हे खरे. पण गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले आणि ती पद्धती या मातीत रुजवली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांपर्यंत शाळा नेली. शाळेच्या नावाने बुजणाऱ्या मुलांस खेचून आणण्याऐवजी त्यांच्याच अंगणात आणि गुरे चरावयाच्या कुरणात शाळा भरवणाऱ्या या बायकांस परदेशी म्हणणे धाडसाचेच होय.

राहता राहिला संख्येचा आक्षेप, आणि तो मात्र खरा आहे. खच्चून भरलेल्या वर्गात एका मुलापाशी पाच मिनिटे बसणे अवघड जाते. पण ज्या कायद्याने छडीस बंदी केली, त्यानेच प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही घालून दिले आहे, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज अन्य कामास शिक्षकास जुंपू नये, असेही म्हटले आहे. तेव्हा ही तकरार ज्यांस करावयाची असेल, त्यांनी ती शिक्षण खात्याच्या दारी लेखी गुदरावी. तिचा राग तिसऱ्या बाकावरच्या मुलावर काढण्याचे कारण नाही.